पहिले भारी घड्याळ घेताना: मनगटापासून मशीनपर्यंत तुलना कशी करावी

लाखो रुपयांचे मनगटी घड्याळ घ्यायचे ठरवलेला माणूस बहुधा नावापासून सुरुवात करतो. रोलेक्स घ्यावे की ओमेगा, कार्टिए चांगले की ग्रँड सेइको, असे तो ओळखीच्या चार जणांना विचारतो आणि चार वेगवेगळी उत्तरे घेऊन परत येतो. हा क्रम उलटा असावा, असे मला मनापासून वाटते. जे स्वतःच्या मनगटावर, स्वतःच्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या वहीतल्या नोंदींवरून पडताळता येते त्याची तुलना आधी करावी, आणि नावाचा विचार त्या चाळणीतून उरलेल्या दोन-तीन घड्याळांपुरताच ठेवावा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: मनगट मोजणे

दुकानात जाण्याआधी घरी शिंप्याकडे असते तशी टेप घ्या आणि मनगटाच्या हाडामागे, जिथे घड्याळ बसते तिथे, घेर मोजा. त्यानंतर त्याच जागी मनगटाच्या वरच्या बाजूचा सपाट भाग किती रुंद आहे ते पट्टीने मोजा, कारण घेरापेक्षा हा दुसरा आकडा जास्त कामाचा असतो. घड्याळाच्या जाहिरातीत व्यास ठळक छापलेला असतो, पण घड्याळ मनगटावर मावेल की नाही हे व्यास सांगत नाही. ते ठरते लगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीवरून. लग म्हणजे पट्टा जिथे अडकवतात ती केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाची, चार शिंगे. ही लांबी तुमच्या सपाट भागापेक्षा जास्त असेल, तर घड्याळ कितीही सुंदर असले तरी दोन्ही बाजूंनी अधांतरी राहते.

माझा सपाट भाग ५२ मिलिमीटर आहे, आणि मी पहिल्यांदा घेतलेल्या मोठ्या घड्याळाची लांबी ५३ होती. दुकानातल्या दिव्यांखाली ते रुबाबदार दिसले. घरी आल्यावर शर्टाची कफ त्यावरून कधी गेली नाही, आणि जमिनीवरून उठताना हात टेकला की क्राउन, म्हणजे चावी भरायची बाजूची गुंडी, हाताच्या पाठीत रुतायची. वर्षाच्या आत मी ते नुकसान सोसून विकले. तेव्हापासून मी एक सोपा उपाय करतो. ज्या घड्याळाचा विचार चालला असेल त्याची लगपासून लगपर्यंतची लांबी आणि व्यास काढून तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापतो, तो रबरबँडने मनगटावर बांधतो आणि अर्धा तास घरात वावरतो. लिहिताना, दार उघडताना, बाही खाली घेताना तो पुठ्ठा कुठे अडतो ते लगेच समजते.

आकडे किती फसवे असू शकतात याची दोन उदाहरणे देतो. ओमेगाच्या स्पीडमास्टर मूनवॉचचा व्यास ४२ मिलिमीटर आहे, पण लग आखूड आणि खाली वळलेले असल्यामुळे त्याची एकूण लांबी ४८ च्या आत राहते आणि मध्यम मनगटावर ते नीट बसते. उलट जेगर-लकूल्त्रच्या रिव्हर्सो ट्रिब्यूटची रुंदी २७.४ मिलिमीटर ऐकून ते बायकांचे घड्याळ असेल असे अनेकांना वाटते, परंतु त्याची लांबी ४५.६ मिलिमीटर असते आणि ते पुरुषाच्या मनगटावर पुरेसे मोठे दिसते. या रिव्हर्सोचे मूळ भारतात आहे, हे इथे सांगायलाच हवे. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा चेंडूच्या आणि काठीच्या फटक्याने फुटत, म्हणून डायल उलटवून आत लपवता येईल अशा केसचे पेटंट १९३१ मध्ये घेतले गेले. सोय म्हणून जन्मलेला तो आकार आज ऐटीचा मानला जातो.

जाडीही मोजा. साध्या काट्यांच्या घड्याळाला १० मिलिमीटरच्या आतबाहेरची जाडी पुरेशी होते, तर क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ, १३-१४ पर्यंत सहज जातो. ओडमार पिगेचे रॉयल ओक किंवा पाटेक फिलिपचे नॉटिलस यांच्यासारख्या घड्याळांत ब्रेसलेट केसमधूनच निघाल्यासारखे असते. त्याच्या पहिल्या कड्या ताठ राहतात, त्यामुळे ही घड्याळे आकड्यापेक्षा मोठी बसतात.

दुसरी पायरी: घड्याळ कुठे जगणार आहे

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्याने दमट हवा आणि घाम यांचा हिशेब आधी करावा. रोज वापरला तर मगरीच्या कातड्याचा महागडा पट्टा आमच्याकडच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात लवकर काळवंडतो आणि त्याला वास येऊ लागतो. कातडी पट्टाच हवा असेल तर तो दरवर्षी-दीड वर्षाने बदलण्याचा खर्च गृहीत धरा. एरवी स्टीलचे किंवा टायटॅनियमचे ब्रेसलेट बरे, आणि त्यातही बकलमध्ये हाताने दोन-चार मिलिमीटर सैल-घट्ट करण्याची सोय आहे का ते आवर्जून पाहा. दुपारी मनगट सुजल्यासारखे फुगते आणि रात्री वातानुकूलित खोलीत ते पुन्हा आकसते. ही छोटी सोय नसेल तर उत्तम घड्याळही दिवसातून दोनदा नकोसे होते.

पाण्याच्या बाबतीत मागच्या झाकणावरचा आकडा शब्दशः घेऊ नका. ३० मीटर याचा अर्थ त्या घड्याळासह ३० मीटर खोल जाता येते असा होत नाही. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा असतो. व्यवहारात ३० मीटरवाले हात धुण्यापुरते, ५० मीटरवाले पावसात सापडण्यापुरते आणि १०० मीटरवाले पोहण्यासाठी, असे धरून चाला. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे, कडक मानक आहे. रबरी सील कालांतराने कडक होतात, म्हणून पोहणाऱ्याने वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्यावी. स्क्रूची क्राउन पूर्ण आवळली नसेल, तर कुठलाही आकडा उपयोगाचा नाही.

ज्यांची मुले परदेशी आहेत, किंवा जे स्वतः दुबई-लंडनच्या फेऱ्या करतात, त्यांना दोन देशांची वेळ दाखवणारे जीएमटी घड्याळ हवेसे वाटते. इथे आपली अडचण जगातल्या बहुतेकांपेक्षा वेगळी आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि बहुतेक जीएमटी घड्याळांचा जादा काटा किंवा स्थानिक तासकाटा पूर्ण तासाच्याच उड्या मारतो. त्यामुळे पुण्यातले घड्याळ लंडनचा तास दाखवेल, पण अर्धा तास मनात मिळवावा किंवा वजा करावा लागेल. काहींना याची सवय होते, काहींना हे रोज खटकते. म्हणून दुकानातच आपल्या दोन शहरांच्या वेळा लावून पाहा. शिवाय प्रवासी असाल तर स्थानिक तासकाटा स्वतंत्र उड्या मारणारे घड्याळ घ्या. घरी बसून दूरच्या माणसाची वेळ पाहायची असेल तर चोवीस तासांचा काटा स्वतंत्र हलणारे पुरते आणि ते स्वस्तही मिळते.

तिसरी पायरी: मशीन समजून घेणे

एक गोष्ट स्पष्ट असावी. अचूकता हाच निकष असेल तर यांत्रिक, म्हणजे चावीच्या स्प्रिंगवर चालणारे, घड्याळ घेऊ नये. सेइकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारे घड्याळ बाजारात आणले आणि अचूकतेचा प्रश्न त्याच दिवशी निकालात निघाला. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सहसा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. यांत्रिक घड्याळातले बॅलन्स चक्र, म्हणजे मागे-पुढे झुलत वेळेचा ठेका धरणारे चाक, सहसा तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला ८ ठोके देते. झेनिथच्या १९६९ च्या एल प्रिमेरोसारखी काही मशीन ३६,००० ठोक्यांची असतात. त्यांत सेकंदकाटा अधिक सलग फिरतो, पण सुट्या भागांना आणि तेलाला जास्त श्रम पडतात. यांत्रिक घड्याळ घ्यायचे ते केसाएवढ्या स्प्रिंगवर जिवंत राहणाऱ्या त्या यंत्राच्या प्रेमापोटी, आणि त्यासाठी पैसे मोजणे मला पूर्णपणे रास्त वाटते.

तरीही प्रमाणपत्रांची तुलना करता यायला हवी. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था सुटे मशीन १५ दिवस, ५ स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या ३ तापमानांत तपासते. त्याची सरासरी रोजची चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत असेल तरच त्याला क्रोनोमीटर म्हणता येते. रोलेक्स मशीन केसमध्ये बसवल्यावर पुन्हा तपासते आणि दिवसाला २ सेकंद मागे-पुढे इतकी हमी देते. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर घड्याळे मेटास या स्विस सरकारी संस्थेच्या कसोटीतून जातात. त्यांत शून्य ते अधिक ५ सेकंदांची मर्यादा असते आणि १५,००० गॉसच्या, म्हणजे फार तीव्र, चुंबकीय क्षेत्रातही घड्याळ चालत राहावे लागते. ग्रँड सेइकोची स्वतःची कसोटी १७ दिवसांची आणि ६ स्थितींची आहे.

मला यातली चुंबकाची अट सर्वांत उपयोगी वाटते. एकदा माझे एक घड्याळ अचानक दिवसाला चाळीस सेकंद पुढे जाऊ लागले. घड्याळजींनी ते न उघडताच टेबलावर ठेवले आणि त्यांच्याजवळचे लहानसे होकायंत्र त्याच्याशेजारी सरकवले. सुई थरथरली आणि घड्याळाकडे वळली. टॅबलेटच्या कव्हरमधल्या चुंबकाने हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स चक्राला झुलवणाऱ्या त्या केसाएवढ्या स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटू लागले होते. त्यांनी यंत्राने चुंबकत्व काढून टाकले, तेव्हा दोन मिनिटांत ते ठीक झाले. फोनची कव्हरे, बॅगांची बटणे, लॅपटॉपचे स्पीकर यांच्या सहवासात दिवस काढणाऱ्याने सिलिकॉनचे हेअरस्प्रिंग किंवा चुंबकरोधक मिश्रधातू वापरलेल्या मशीनला दोन गुण जास्त द्यावेत.

पॉवर रिझर्व्ह म्हणजे पूर्ण चावी भरल्यावर घड्याळ किती तास चालेल तो आकडा. जुन्या धाटणीची मशीन ४० तासांच्या आसपास थांबतात, नवी ७० तास चालतात. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालू मिळावे असे वाटत असेल तर हा फरक मोलाचा आहे. रोज एकच घड्याळ घालणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

अतिरिक्त सोयींविषयी माझे मत ठाम आहे. पहिल्या घड्याळात तास, मिनिटे, सेकंद आणि फार तर तारीख पुरे. क्रोनोग्राफच्या सर्व्हिसिंगचा खर्च साध्या घड्याळापेक्षा बराच जास्त येतो. महिन्यांचे कमीजास्त दिवस आणि लीप वर्ष आपोआप ओळखणारे पर्पेच्युअल कॅलेंडर २१०० सालापर्यंत तारीख सांभाळते खरे, पण ते काही दिवस बंद पडले की पुन्हा लावताना जीव दडपतो. साध्या तारखेच्या घड्याळातही रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख झटपट बदलू नये. त्या वेळी तारखेचे दाते गुंतलेले असतात आणि अनेक मशीनमध्ये ते मोडू शकतात.

चौथी पायरी: भिंगाखाली कारागिरी

किमतीतला मोठा हिस्सा कारागिरीचा असतो, आणि ती पाहायला शिकणे हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ ठेवा आणि दुकानात मागून घ्यायला संकोचू नका. चांगला दुकानदार अशा गिऱ्हाइकाला पाहून खूशच होतो.

आधी काट्यांच्या आणि तासखुणांच्या कडा पाहा. त्या धारदार आणि स्वच्छ हव्यात, त्यांवर बुरशीसारखे कण नकोत. मग डायलवरची छपाई पाहा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या नसाव्यात. तारीख खिडकीच्या बरोबर मध्यावर यावी. त्यानंतर केस हातात घेऊन छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब लगच्या चकचकीत भागावर पाडा आणि घड्याळ सावकाश फिरवा. पॉलिश उत्तम असेल तर ती उजेडाची रेघ कडेपर्यंत सरळ राहते आणि कडेवर एकदम तुटते. पॉलिश सामान्य असेल तर रेघ पाण्यातल्यासारखी हलते. ग्रँड सेइकोचे झाराट्सू पॉलिश ज्या कारणासाठी नावाजले जाते ते कारण या एका चाचणीत डोळ्यांना दिसते.

मागचे झाकण पारदर्शक असेल तर पुलांच्या, म्हणजे मशीनची चाके जागेवर धरणाऱ्या पट्ट्यांच्या, कडांवरचे तिरके पॉलिश पाहा. आतल्या बाजूला वळणारा टोकदार कोपरा यंत्राने नीट साधत नाही. तो हाताने घासावा लागतो, म्हणून पाटेक फिलिप किंवा ए. लांगे अँड झोनेच्या मशीनमध्ये तो शोधावा. स्विस मेड या शब्दांवरून मात्र कारागिरीचा अंदाज बांधू नका. २०१७ पासूनच्या नियमानुसार उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधला असला की, मशीन आणि जुळणीच्या अटी पाळून, ते शब्द छापता येतात. जर्मनीतल्या ग्लासह्युटेची आणि जपानची घड्याळे त्या शब्दांवाचून कुठेही कमी पडत नाहीत.

सोन्याच्या घड्याळाविषयी एक खुलासा करतो. आपल्याकडे दागिना २२ कॅरटचा पाहायची सवय असते. घड्याळाची केस सहसा १८ कॅरटची, म्हणजे ७५ टक्के सोन्याची असते, आणि तिच्या किमतीचा सोन्याच्या भावाशी थोडाच संबंध असतो. दागिना म्हणून हिशेब मांडणाऱ्याची इथे हमखास निराशा होते.

पाचवी पायरी: समोरासमोर तुलना

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ऑफिस, प्रवास आणि लग्नकार्य या सगळ्यांसाठी एकच घड्याळ हवे आहे, असे समजा. यादीत चार नावे राहिली: रोलेक्स एक्सप्लोरर ३६, ओमेगा ॲक्वा टेरा ३८, ट्यूडर ब्लॅक बे फिफ्टी-एट आणि ग्रँड सेइकोचे स्नोफ्लेक.

एक्सप्लोररला तारीख नाही, पॉवर रिझर्व्ह सुमारे ७० तास आहे आणि १०० मीटरची जलरोधकता आहे. ते कफखाली नाहीसे होते, हाच त्याचा गुण आहे. ॲक्वा टेराला तारीख आहे, १५० मीटर आहे, चुंबकाची भीती जवळपास नाही. मात्र पॉवर रिझर्व्ह ५५ तासांचाच आहे, आणि चकचकीत भाग जास्त असल्याने ओरखडे लवकर दिसतात. ३९ मिलिमीटरचे ब्लॅक बे ७० तास चालते, २०० मीटरपर्यंत टिकते आणि या चौघांत सर्वांत स्वस्त पडते, पण सुमारे १२ मिलिमीटरची जाडी लग्नातल्या शेरवानीच्या बाहीखाली जाणवते. स्नोफ्लेक ४१ मिलिमीटरचे असूनही टायटॅनियममुळे हलके आहे. त्यातले स्प्रिंग ड्राइव्ह मशीन चावीच्या ताकदीवर चालते आणि क्वार्ट्झकडून नियंत्रित होते, त्यामुळे महिन्याला १५ सेकंदांच्या आत चूक राहते आणि सेकंदकाटा न थबकता सरकतो. त्याच्या डायलवरची बर्फासारखी पोत फोटोत कधीच नीट येत नाही.

चारही एकाच दिवशी पाहू नका. एका वेळी दोनच घड्याळे, एक डाव्या आणि एक उजव्या मनगटावर, दहा दहा मिनिटे घाला आणि मग अदलाबदल करा. दुकानाबाहेर दारापाशी जाऊन दिवसाच्या उजेडात पाहू देण्याची विनंती करा. आठवडाभर थांबा आणि त्या आठवड्यात कोणत्या घड्याळाचा कोणता भाग मुद्दाम न आठवताही आठवला, ते लिहून ठेवा. माझ्या मनगटासाठी आणि माझ्या सवयींसाठी मी यातून एक्सप्लोरर निवडेन. सेकंदकाट्याकडे पाहत बसायला ज्याला आवडते त्याने स्नोफ्लेक घ्यावे.

सहावी पायरी: किंमत, कागद आणि जुने घड्याळ

भारतातल्या किमतीत आयात शुल्क आणि जीएसटी धरलेला असतो. भारत आणि स्वित्झर्लंडसह एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघ) देशांमधला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि त्यानुसार स्विस घड्याळांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम विक्रेत्याला रोखीने घेता येत नाही. १० लाखांच्या वर किंमत गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा कर, घेतला जातो, जो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करता येतो. परदेशातून स्वस्त आणण्याचा विचार असेल, तर येताना ते विमानतळावर जाहीर करून शुल्क भरावे लागते हे हिशेबात धरा. इथे घेतलेले घड्याळ घालून परदेशी जाताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना प्रश्न उभा राहत नाही.

गुंतवणूक म्हणून घड्याळ घेऊ नका. पाटेक फिलिपने नॉटिलस ५७११ बंद केल्यावर २०२१ मध्ये त्याचे वापरलेले नमुने अफाट भावाने विकले गेले, आणि २०२२ च्या वसंतानंतर तोच बाजार घसरला. उशिरा शिरलेल्यांचे पैसे त्यात अडकले.

वापरलेले घड्याळ घेणे गैर नाही. खोका, हमीपत्र, सर्व्हिसिंगची पावती आणि केसवरचा अनुक्रमांक जुळतो का ते पाहा. लगच्या कडा गोल झाल्या असतील तर केस वारंवार पॉलिश झाली आहे. फार जुन्या घड्याळांत आपल्या इथलाच एक धोका आहे. जगभरचे संग्राहक ज्यांना मुंबई स्पेशल म्हणतात ती घड्याळे जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेली भडक डायल चढवून आणि वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार होतात. छपाई जाड आणि पसरट, सेकंदकाटा मिनिटांच्या खुणांपर्यंत न पोहोचणारा, क्राउन केसच्या मानाने मोठी किंवा लहान, ही त्यांची लक्षणे. आजोबांच्या आठवणीसाठी जुने एचएमटी हौसेने घ्यावे, पण अस्सल म्हणून मोठी रक्कम देण्यापूर्वी ते एखाद्या तटस्थ घड्याळजींकडून उघडून बघून घ्यावे.

घेतल्यानंतरचा पहिला महिना

रोज सकाळी एकाच वेळी मोबाइलच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहा आणि किती सेकंद पुढे-मागे आहे ते वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात रात्री घड्याळ डायल वर करून ठेवा, दुसऱ्या आठवड्यात क्राउन वर करून आणि तिसऱ्यात क्राउन खाली करून. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम प्रत्येक स्थितीत थोडा वेगळा होतो, म्हणून कोणत्या स्थितीत ते वेळ कमावते आणि कोणत्या स्थितीत गमावते हे तीन आठवड्यांत कळते. दिवसा चार सेकंद पुढे जाणारे माझे एक घड्याळ रात्री क्राउन वर ठेवले की तेवढेच मागे येते, त्यामुळे मी त्याची वेळ महिनोन्महिने लावलेली नाही. सगळ्या स्थितींत चूक हमीच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर वहीचे ते पान घड्याळासोबत सर्व्हिस सेंटरला द्या. नुसते पुढे जाते असे सांगण्यापेक्षा त्या नोंदीवरून तिथल्या माणसाला नेमके काय सुधारायचे ते कळते.